मोठेपणी गोवरची प्रतिकारशक्ती कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे-जून आला की दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर एकाच तऱ्हेचे मेसेज सुरू होतात. परदेशी शिकायला निघालेली मुलं, नव्याने हॉस्पिटलात रुजू झालेल्या सिस्टर, बाळाचा विचार करणारी जोडपी, आणि रात्री साडेदहाला "डॉक्टर, शेजारच्या पोराला गोवर आलाय, मला होईल का?" असं विचारणारे एखादे काका. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्याने जसे विचारले तसेच ठेवले आहेत. आपल्याला लागू पडतं तेवढंच वाचलं तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. गोवर तर लहान मुलांना होतो ना? मी पस्तिशीत कशाला डोक्याला ताप करून घेऊ?

ज्याला गोवर पूर्वी झालेला नाही आणि ज्याच्या अंगी लसही लागलेली नाही, त्याला तो पस्तिशीतही होतो आणि साठीतही. लहान मुलांचा आजार हे नाव पडलं, कारण लस येण्यापूर्वी शाळेत जायच्या वयापर्यंत तो जवळजवळ सगळ्यांना होऊनच जायचा.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीकडून साथ पसरली, भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. आजारी पडली ती बहुतेक मुलंच. पण त्या मुलांना कडेवर घेऊन बसलेली माणसं मोठी होती आणि वॉर्डात काम करणारेही. गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत टिकतो. प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं रुग्णाच्या जवळ आली, तर त्यांतल्या नऊ जणांना लागण होते. आजार बिघडण्याचं प्रमाण पाच वर्षांखालच्या मुलांत आणि विशी ओलांडलेल्यांत जास्त असतं. मोठ्यांना न्यूमोनिया होतो, यकृताला सूज येते, आणि हजारात एखाद्याला मेंदूला सूज येते.

२. मला प्रतिकारशक्ती आहे हे नक्की कशावरून धरायचं?

तारखा लिहिलेला लसीचा कागद, आजार झाला होता असं त्या वेळी लॅबने सिद्ध केलेला रिपोर्ट, किंवा आत्ता रक्तात सापडलेली गोवरची आयजीजी प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली, पुढेही टिकून राहणारी प्रथिनं). यांतलं एक असलं तरी पुरतं. काही देश जन्मसालही धरतात, ते प्रश्न १३ मध्ये.

लोकांना रक्ताचा रिपोर्ट सगळ्यात भारी वाटतो. मशीनने सांगितलं म्हणजे खरं! गोवरच्या बाबतीत उलट आहे. नीट तारखांचे दोन डोस कागदावर असतील, तर तो कागद रक्ताच्या रिपोर्टच्या वर. का, ते प्रश्न १० मध्ये.

३. कार्ड हरवलंय. जन्मसालावरून काही अंदाज बांधता येईल का?

अंदाज येतो, पुरावा होत नाही. तरी अंदाज कामाचा असतो.

गोवरची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात १९८५ साली आली आणि सगळ्या जिल्ह्यांत पोचायला १९९० उजाडलं. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना गोवर होऊनच गेला आहे. तेव्हा तो चुकवणं अवघड होतं.

१९८५ नंतर ते साधारण २००३ पर्यंत जन्मलेले लोक सगळ्यात अधांतरी आहेत. यांना सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात एकच डोस मिळाला, तोही मिळाला असेल तर. नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात थोडी शिल्लक असतात आणि ती लसीला नीट काम करू देत नाहीत. त्या वयात दिलेला डोस शंभरातल्या साधारण ८५ बाळांना लागू पडतो, वर्षाच्या पुढे दिला तर ९५ ना. म्हणजे डोस घेऊनही पंधरा जण कोरेच राहतात. पुढे लसीकरण वाढलं तसा आजूबाजूचा गोवरही कमी झाला, त्यामुळे यांतल्या अनेकांची आजाराशी गाठच पडली नाही. ज्यांचे आईवडील खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे जायचे त्यांना बहुधा सव्वा वर्षाला एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला म्हणजे जर्मन गोवर, या तिन्हींची एकत्र लस) मिळाली असेल.

सरकारी कार्यक्रमात दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. नंतर गोवर-रुबेला मोहीम झाली, गोव्यात फेब्रुवारी २०१७ पासून आणि महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या सगळ्यांना, आधी किती डोस झालेत ते न मोजता, एक जास्तीचा एमआर डोस दिला. २००४ च्या आसपास जन्मलेल्यांना वर्गात रांगेने उभं करून उजव्या दंडात टोचलेली ती सुई बहुतेक आठवते. तेव्हा मिळालेलं छोटं कार्ड घरात असेल तर शोधाच. प्रश्न ११ मध्ये त्याचा उपयोग आहे.

४. आई म्हणते मला लहानपणी गोवर येऊन गेलाय, घरात कडुलिंबाचा पाला लावला होता. एवढं पुरे नाही का?

आईच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे, पण आजाराच्या नावावर नाही. आपल्याकडे अंगावर लाल काही उठलं की त्याला गोवर म्हणायची पद्धत होती. त्यात रुबेला यायचा, तापानंतरचं साधं पुरळ यायचं, कधी घामोळंही. कडुलिंबाचा पाला आणि स्वयंपाकात फोडणी बंद, हे तर कांजिण्यांनाही व्हायचं.

आईला मी असं विचारते: आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लालभडक, उजेड सहन न होणं, असं होतं का? पुरळ कानामागून किंवा कपाळावरून सुरू होऊन खाली उतरलं का? नंतर त्वचा काळपट पडून कोंडा सुटला का? तिन्हींना हो असेल तर गोवरच असण्याची शक्यता मोठी. पाण्याचे फोड आले, खपल्या धरल्या, वण राहिले, तर त्या कांजिण्या. त्याने गोवरची शक्ती मिळत नाही.

खरा गोवर एकदा होऊन गेला की आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. पण कुठलंही कॉलेज, हॉस्पिटल किंवा दूतावास आईच्या आठवणीवर शिक्का मारत नाही.

५. डाव्या दंडावर लसीचा गोल व्रण आहे. शिवाय पोलिओचे डोस सगळे झालेत. मग गोवरचं झालंच असणार ना?

तो व्रण बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर देवीच्या लसीचाही असू शकतो. गोवरची सुई त्वचेखाली देतात आणि तिचा व्रण राहत नाही. पोलिओच्या थेंबांचा गोवरशी संबंध नाही.

६. मग आधी रक्त तपासू की सरळ लस घेऊ?

लस घ्यायला काही आडकाठी नसेल (प्रश्न १६ ते १९ पाहा) आणि कागद सापडत नसेल, तर सरळ लस. मी स्वतः हेच सांगते, आणि यावरून लोक माझ्याशी वाद घालतात, म्हणून कारण सविस्तर देते.

तपासणीतून तीनच निकाल निघतात. निगेटिव्ह आला तर लस घ्यायची. काठावरचा आला तरी लस घ्यायची. पॉझिटिव्ह आला तरच सुई वाचते. आणि पॉझिटिव्ह माणसाने चुकून लस घेतली तरी काही बिघडत नाही. अंगात असलेली प्रतिपिंडं लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूला आल्या आल्याच निपटतात. बहुतेक लॅबमध्ये या तपासणीला लसीच्या एका डोसपेक्षा जास्त पैसे पडतात. वर रिपोर्टची वाट, मग पुन्हा दवाखान्यात खेप.

तरी काहींना मी तपासायलाच सांगते. एक, ज्यांना लस देताच येत नाही. ते धोक्यात आहेत का हे तरी कळतं. दोन, ज्यांची संस्था कागद न स्वीकारता रिपोर्टच मागते. तीन, ज्यांना गोवर झाल्याची पक्की खात्री आहे आणि सुईची धास्ती त्याहून पक्की आहे. त्यांच्यासाठी एकदा रक्त दिलेलं परवडतं.

डोस किती? परदेशी जाणारे, कॉलेजात किंवा वसतिगृहात राहणारे आणि आरोग्यसेवेत काम करणारे यांना दोन, मध्ये किमान २८ दिवस. बाकीच्यांना एकही चालतो. एका डोसने ९३ टक्के आणि दोनने ९७ टक्के संरक्षण मिळतं.

७. लॅबमध्ये जाऊन नक्की काय मागायचं? उपाशी जावं लागतं का?

उपाशी जायची गरज नाही. मागायचं ते "मीझल्स आयजीजी". इथे दोन खड्डे आहेत आणि लोक दोन्हीत पडतात.

पहिला खड्डा नावाचा. गोवरला इंग्रजी वैद्यकात "रुबिओला" असंही नाव आहे आणि जर्मन गोवर म्हणजे "रुबेला". इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आणि दोन वेगळे विषाणू. काउंटरवरच्या मुलाने घाईत चुकीची ओळ निवडली, की तुमच्या हातात भलत्याच आजाराचा रिपोर्ट येतो. पैसे भरण्याआधी पावती वाचा. तिच्यावर "मीझल्स" किंवा "रुबिओला" हवं.

दुसरा खड्डा आयजीएमचा. आयजीएम ही आत्ता चालू असलेल्या आजाराची खूण. गोवर झालाय का अशी शंका असताना ती तपासतात. जुनी प्रतिकारशक्ती आयजीजीत दिसते. गेल्या वर्षी एक विद्यार्थी "गोवर निगेटिव्ह" असा रिपोर्ट घेऊन रडकुंडीला आला. रिपोर्ट आयजीएमचा होता. निगेटिव्ह म्हणजे त्याला आत्ता गोवर झालेला नाही, एवढाच अर्थ. तो तर माझ्यासमोर धडधाकट बसला होता.

८. गरोदरपणात टॉर्च टेस्ट केली होती, त्यात रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आहे. म्हणजे गोवरचं झालंच ना?

नाही. टॉर्चमध्ये टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस बघतात. गोवर त्यात नसतोच. "जर्मन गोवर" या नावाने हा घोळ घातला आहे. रुबेला पॉझिटिव्ह म्हणजे रुबेलापुरतं संरक्षण. ते कधी काळी घेतलेल्या एमएमआरमुळे असेल तर गोवरचंही असण्याची शक्यता आहे, पण रुबेला होऊन गेल्यानेही रिपोर्ट असाच येतो. गोवरसाठी प्रश्न ७ मधली तपासणी वेगळी करावी लागते.

९. रिपोर्टवर आकडा १४ आलाय आणि पुढे "इक्विव्होकल" लिहिलंय. मित्राचा १८० आहे. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का?

मित्राच्या आकड्याशी तुलना करू नका. प्रत्येक मशीनची मोजपट्टी वेगळी. कुठे १.१ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. एका प्रचलित मशीनवर १३.५ च्या खाली निगेटिव्ह, १६.५ आणि त्यापुढे पॉझिटिव्ह आणि मधलं सगळं काठावरचं, म्हणजेच "इक्विव्होकल". तुमचा १४ बहुधा त्याच पट्टीवरचा आहे. आकड्याशेजारच्या रकान्यात त्या लॅबची मर्यादा छापलेली असते, ती बघायची.

काठावरचा निकाल आला तर व्यवहारात तो निगेटिव्हच धरतात, म्हणजे लस. अपवाद प्रश्न १० मधला. आणि पॉझिटिव्ह आल्यावर आकडा मोठा की लहान याला अर्थ नाही. १८० वाल्याला दसपट कवच मिळत नाही.

१०. माझ्या कार्डावर एमएमआरचे दोन डोस तारखेसकट आहेत, तरी आयजीजी निगेटिव्ह! लस फुकट गेली?

बहुतेक वेळा लस गेलेली नसते, तपासणी तोकडी पडलेली असते. लसीने तयार होणारी प्रतिपिंडं आजाराने होणाऱ्या प्रतिपिंडांपेक्षा मुळातच कमी असतात आणि वर्षांगणिक आणखी उतरतात. बाजारातल्या तपासण्यांना एका पातळीखालचं दिसत नाही. शिवाय शरीराची आठवण फक्त रक्तातल्या प्रतिपिंडांत नसते. काही पेशी वर्षानुवर्षं गप्प बसून असतात आणि विषाणू आला की कामाला लागतात. त्या या रिपोर्टमध्ये उमटत नाहीत.

म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा नियमच आहे: योग्य वयात आणि योग्य अंतराने दिलेले दोन डोस नोंदलेले असतील, तर नंतरच्या निगेटिव्ह किंवा काठावरच्या रिपोर्टमुळे ते रद्द होत नाहीत आणि तिसरा डोस लागत नाही. दोन डोस झालेल्यांनी हौसेने तपासणी करूच नये, असं मी त्यामुळेच म्हणते. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर उगाच झोप उडते. आणि एचआरच्या हातात तो गेला, की त्यांना हे सगळं समजावत बसावं लागतं.

११. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीने दोन एमएमआर मागितल्या. माझ्या कार्डावर तीन नोंदी आहेत, तरी फॉर्म परत आला. का?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. एका मुलीचं कार्ड डोळ्यांसमोर आहे: प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं, कोपऱ्याला हळदीचा डाग. जन्म २००४. नोंदी अशा: नऊ महिन्यांना गोवर, पंधरा महिन्यांना एमएमआर, आणि डिसेंबर २०१८ मध्ये शाळेत एमआर.

अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस मोजत नाहीत (चार दिवसांपर्यंत सवलत असते). नऊ महिन्यांचा डोस गेला. आपल्याकडे तो चुकीचा नव्हता. इथे तान्ह्या बाळांनाच गोवरचा धोका जास्त, म्हणून लवकर देतात. त्यांचं गणित वेगळं, इतकंच. उरले दोन. त्यांतल्या एमआरमध्ये गोवर आणि रुबेला आहेत, गालगुंड नाही. म्हणजे या मुलीचे गोवरचे आणि रुबेलाचे दोन-दोन डोस पूर्ण आहेत, पण गालगुंडाचा एकच. आणि फॉर्म तर "एमएमआर" असं एकत्र विचारतो.

तिला मी एकच एमएमआर दिली, फॉर्मवर प्रत्येक आजाराच्या तारखा वेगळ्या लिहिल्या, आणि फॉर्म मंजूर झाला. एजंटने तिला दोन घ्यायला सांगितलं होतं. घेतल्या असत्या तरी अपाय नव्हता, फक्त महिना वाया गेला असता.

भारतात बनलेली लस चालते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ट्रेसिव्हॅक आपल्याकडे सर्रास वापरतात आणि ती एमएमआरच आहे. फॉर्मवर ब्रँडचं नाव लिहून गप्प बसू नका, शेजारी "एमएमआर" असं लिहा. तिथल्या कारकुनाला ट्रेसिव्हॅक काय ते कळत नाही.

१२. पंधरा ऑगस्टचं विमान आहे. एमएमआर, कांजिण्या आणि टीबीची टेस्ट, सगळंच मागितलंय. कुठल्या क्रमाने करू?

टीबी आधी, किंवा लसीच्याच दिवशी. गोवरची जिवंत (दुबळ्या केलेल्या विषाणूची) लस काही आठवडे टीबीच्या तपासणीचा निकाल दाबू शकते, मग ती खोटी निगेटिव्ह येते. लस आधी घेऊन बसलात तर टीबीसाठी चार आठवडे थांबावं लागतं. माँटू (हातावर सुई टोचून करतात ती टीबीची टेस्ट) असो की रक्ताची तपासणी, नियम तोच.

मी असं बसवते. पहिल्या दिवशी सकाळी टीबीसाठी रक्त, आणि लगेच एमएमआर एका दंडात, कांजिण्यांची लस दुसऱ्यात. जिवंत लसी एक तर एकाच दिवशी घ्यायच्या, नाही तर त्यांच्यात किमान २८ दिवस ठेवायचे. मग २८ दिवसांनी दोन्हींचे दुसरे डोस. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. शनिवार सोयीचा म्हणून पंचविसाव्या दिवशी उरकू नका. याप्रमाणे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तरी जमतं.

आफ्रिकेत जायचं म्हणून पीतज्वराची लस लागणार असेल, तर तीही जिवंत लस आहे. हाताशी वेळ असेल तर ती आणि एमएमआर यांत चार आठवडे ठेवा.

१३. आईबाबा सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला जाणार आहेत. बाबा १९५५ चे, आई १९६० ची. त्यांना लागेल का?

व्हिजिटर व्हिसाला लसीचा कागद मागत नाहीत. आरोग्याच्या दृष्टीने म्हणाल, तर अमेरिकेत १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना गोवरची प्रतिकारशक्ती आहे असंच धरतात, कारण त्या पिढीला तो होऊन गेलेला असतो. ब्रिटनमध्ये हेच १९७० पूर्वी जन्मलेल्यांना लावतात, ऑस्ट्रेलियात १९६६ पूर्वी. आपल्याकडे लस आली १९८५ ला, म्हणजे १९६० सालच्या आईलाही गोवर होऊन गेला असण्याचीच शक्यता मोठी. मी आईंना लसीचा आग्रह करणार नाही. पण जाणं सुनेच्या बाळंतपणासाठी असेल आणि तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, तर आयजीजी करून घ्या. तब्येत बरी असेल तर एक डोस घेतलात तरी चालेल.

ग्रीन कार्डची गोष्ट वेगळी. त्या वैद्यकीय तपासणीत १९५७ किंवा नंतर जन्मलेल्यांकडून एमएमआर किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा मागतात.

१४. मोठ्यांना ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते का?

सरकारी एमआर मुलांसाठी आहे: ९ ते १२ महिन्यांत एक, १६ ते २४ महिन्यांत दुसरी. मोठ्यांनी खाजगी दवाखाना किंवा बालरोगतज्ज्ञ गाठायचा. बालरोगतज्ज्ञांकडे जायला लाजू नका, तिथल्या फ्रिजमध्ये ही लस नेहमी असते. मेडिकलमधून आणणार असाल तर बर्फाच्या पिशवीतून आणा. ही लस उन्हाने आणि उष्णतेने मरते. आणि घेतल्यावर तारीख, बॅच नंबर, सही आणि शिक्का असलेला कागद मागून घ्या. त्याविना पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा प्रश्न ३ वर याल.

१५. लस घेतल्यावर काय त्रास होतो?

त्या दिवशी दंड दुखेल, बस. ताप आला तर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास येतो, आणि तोवर लस घेतल्याचं माणूस विसरलेला असतो. शंभरात पाचेक जणांना बारीक पुरळ उठतं. ते दुसऱ्याला लागत नाही. मोठ्या बायकांना रुबेलाच्या घटकामुळे काही दिवस सांधे दुखू शकतात, साधारण चौघींत एकीला. आपोआप थांबतं.

१६. आम्ही बाळाचा विचार करतोय. लस आधी घ्यायची की नंतर? आणि मी आधीच गरोदर असेन तर?

आधी. डोस घेतल्यावर चार आठवडे गर्भधारणा टाळायची. रुबेलाचा गर्भावर होणारा परिणाम भयंकर असतो, आणि गरोदरपणात गोवर झाला तर गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. त्यामुळे ही लस लग्नाआधीच झालेली बरी, असं मी मुलींच्या आयांना सांगते.

गरोदर असताना ही लस देत नाहीत. बाळंतपण झाल्यावर हॉस्पिटलातून घरी जाण्यापूर्वीच घ्या. अंगावर पाजत असलात तरी चालते. घरातल्या बाकीच्यांनी मात्र गरोदर बाईसाठी थांबायचं कारण नाही. उलट नवऱ्याने आणि सासूने घेतली तर तिचंच संरक्षण होतं.

डोस घेतला आणि पंधरा दिवसांनी कळलं की दिवस गेलेत, असे घाबरलेले फोन येतात. या कारणासाठी गर्भ पाडू नये. अशा चुकून लस घेतलेल्या बायकांच्या बाळांत लसीमुळे व्यंग आल्याचं दिसलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि नेहमीच्या तपासण्या करत राहा.

१७. मला संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. वडिलांना मधुमेह. आम्ही घेऊ शकतो का?

वडील घेऊ शकतात. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, हृदयविकार यांची अडचण नाही.

तुमचं तुमच्या संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, बायोलॉजिक इंजेक्शनं, केमोथेरपी यांच्यात जिवंत लस धोक्याची. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा अधिक घेतलं असेल, तर बंद केल्यावर किमान महिनाभर थांबावं लागतं. केमोनंतर किमान तीन महिने. एचआयव्ही असूनही सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) सहा महिने २०० च्या वर टिकून असेल तर लस देता येते. तुमच्यासारख्यांनी आयजीजी करून घेणं शहाणपणाचं. निगेटिव्ह आली तर घरच्यांच्या लसी पूर्ण करायच्या आणि गोवरच्या रुग्णाशी गाठ पडली तर प्रश्न २० प्रमाणे त्याच दिवशी हालचाल करायची.

१८. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं. आता आयजीजी पॉझिटिव्ह आलीय. धरायची?

धरायची नाही. ती प्रतिपिंडं रक्तदात्याची असू शकतात आणि ती काही महिन्यांत विरतात. त्याच कारणाने आत्ता लस दिली तर तीही लागू पडणार नाही. रक्त किंवा लाल पेशी चढवल्यावर सहा महिने, प्लाझ्मानंतर सात महिने, आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांकडून मिळालेली तयार प्रतिपिंडं) घेतलं असेल तर डोसप्रमाणे आठ ते अकरा महिने थांबून मग लस किंवा तपासणी.

१९. मी अंडं खात नाही, खाल्लं तर अंगावर गांधी उठतात. चालेल?

चालेल. लसीत अंड्याचा अंश नगण्य असतो. खरी आडकाठी निओमायसिन या अँटिबायोटिकच्या किंवा जिलेटिनच्या गंभीर ॲलर्जीची, किंवा आधीच्या डोसला धाप लागून हॉस्पिटलात न्यावं लागलं असेल तर त्याची.

२०. काल ज्याच्या शेजारी दोन तास बसलो होतो त्याला आज गोवर निघाला. आता तपासून काय उपयोग?

तुमच्याकडे दोन डोसांचा कागद असेल तर काहीही करू नका. नसेल तर तपासणीच्या नादात वेळ घालवू नका. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्यामुळे घड्याळ कालपासून मोजा.

गरोदर बाई, प्रश्न १७ मधली प्रतिकारशक्ती दाबलेली माणसं आणि छोटं बाळ यांना लस चालत नाही. त्यांना सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देतात. त्यांच्या बाबतीत मात्र आयजीजी तातडीने करतात, रिपोर्ट एका दिवसात मिळणार असेल तर.

पुढचे २१ दिवस ताप, खोकला, लाल डोळे यांवर लक्ष ठेवा. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण करत असतो. म्हणजे नुसती सर्दी वाटते तेव्हाच. तशी लक्षणं दिसली तर दवाखान्यात येण्यापूर्वी फोन करा आणि मास्क लावून या. मी तुम्हाला मागच्या दाराने घेईन. बाहेरच्या बाकावर त्या वेळी सहा महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन कोणीतरी बसलेलं असतं, आणि त्याचा गोवरचा डोस अजून तीन महिने लांब असतो.